नांगरलेला तलाव

चार्ल्स डार्विनने एका फेब्रुवारीत एका लहानशा तळ्याच्या काठाने, पाण्याखालच्या तीन जागांवरून, तीन मोठे चमचे चिखल उचलला. वाळल्यावर त्याचं वजन भरलं पावणेसात औंस, म्हणजे दोनशे ग्रॅमसुद्धा नाही. न्याहारीच्या कपात मावेल एवढा तो चिखल त्याने झाकून अभ्यासिकेत ठेवला आणि पुढचे सहा महिने एकच उद्योग केला : जे रोप डोकं वर काढील ते मोजायचं आणि उपटून टाकायचं. सहा महिन्यांत रोपं निघाली ५३७.

हा हिशेब त्याने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये नोंदवला आहे. पाणपक्ष्यांच्या चिखलाळ पायांबरोबर बिया किती दूर जाऊ शकतात, हे त्याला दाखवायचं होतं. मला मात्र तो कप आठवतो तो मे महिन्यात, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावकडे एखादा आटलेला मामा तलाव दिसला की.

मामा म्हणजे कुणाच्या आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या सरकारी शब्दाचं ते लाडकं रूप. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत असे काही हजार तलाव आहेत. मे महिन्यात त्यांतल्या पुष्कळांचा तळ उघडा पडतो. भेगाळलेली माती, तिच्यावर गुरांच्या खुरांचे ठसे, कडेला पोरांचा क्रिकेटचा डाव. पुण्या-मुंबईचा पाहुणा हळहळतो, म्हणतो, तलाव गेला की हो हा!

त्या भेगांत उकरलं तर काय काय सापडतं! गोगलगायी आपल्या शंखाचं दार लावून आत बसलेल्या असतात आणि थेट पाऊस पडल्यावरच ते उघडतात. हायड्रिलासारख्या पाणवनस्पतींचे हरभऱ्याएवढे कंद मातीत पडून असतात. मरळ मासा उरल्यासुरल्या ओलसर चिखलात शिरून दिवस काढतो, कारण त्याला कल्ल्यांखेरीज थेट हवेतून श्वास घेता येतो. आणि बिया तर अगणित. बी किती काळ वाट पाहू शकतं? चीनमधल्या लिआओनिंग प्रांतात एका आटून गेलेल्या सरोवराच्या तळातून कमळाच्या बिया निघाल्या होत्या. अमेरिकेतल्या जेन शेन-मिलर या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी त्यांतल्या काही रुजवून पाहिल्या आणि १९९५ साली जाहीर केलं की उगवलेलं एक बी साधारण तेराशे वर्षांचं आहे. म्हणजे इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य असताना चिखलात पडलेलं बी, आणि चार दिवसांत त्याला कोंब!

म्हणून आटलेला तलाव पाहून हळहळायचं कारण नाही. हळहळावं असं काही आहे, पण ते दुसरीकडे. तिथे जाण्याआधी हे तलाव म्हणजे काय प्रकरण आहे, ते पाहू.

हा मुलूख धानाचा. पाऊस इथे चांगला पडतो, वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या घरात, पण तो सगळा चार महिन्यांत आणि आपल्या लहरीने. रोवणी झाली, धान पोटरीला आला आणि नेमका त्याच वेळी पावसाने डोळे वटारले, तर वर्ष बुडालं. यावर उपाय काढला तो कोहळी समाजातल्या लोकांनी. तलाव बांधण्यात हे लोक वाकबगार. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून जो तलाव बांधील त्याला जमीन मिळे, अशी आठवण या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. त्याच्याभोवतीच्या सात डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि पुढे या परिसरावर त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तकच लिहिलं.

बांधणी दिसायला साधी. हलक्या उताराच्या जमिनीवर खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखी मातीची पाळ घालायची. वरच्या माळावरून, जंगलातून वाहून येतं ते पाणी म्हणजे येवा. तलाव भरला की जादा पाणी एका बाजूने निघून जावं म्हणून सलंग. पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायचं दार ते तुडुम. तुडुमातून निघालेला नहर बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या शेतांकडे जातो. गंमत अशी की वरच्या तलावाच्या सलंगीवरून सांडलेलं पाणी बहुतेक वेळा खालच्या तलावाचा येवा असतं. त्याखाली आणखी एक तलाव, मग एखादी बोडी, म्हणजे लहानसं तळं. वैनगंगेपर्यंत पोचायच्या आधी पाण्याच्या एका थेंबाला अशा किती उंबरठ्यांवर थांबावं लागत असेल!

आता मुद्द्याची गोष्ट. पाळ एकाच बाजूला असल्यामुळे तलाव पाळीजवळ खोल आणि येव्याच्या बाजूला अगदी उथळ असतो. तिकडे पाणी गुडघाभर, मग घोटाभर, मग नुसती ओल. आश्विनापासून तुडुमातून पाणी शेतांना जाऊ लागलं की काठ रोज थोडा मागे सरकतो. पौषात जिथे पाणी होतं तिथे माघात चिखल आणि फाल्गुनात हिरवळ. एकाच तलावात, एकाच वर्षात, पाण्याच्या प्रत्येक खोलीची जागा कधी ना कधी तयार होते आणि मोडते. पाणथळ जागा म्हणतात ती हीच. नुसतं भरपूर पाणी साठलेलं असलं की पाणथळ होत नाही. पाणी यायला हवं आणि जायलाही हवं.

या ये-जा करणाऱ्या पाण्यात राहायचं म्हणजे अंगी कसब हवं. कमळाचंच घ्या. चिखलात बोटभर खाली गेलं की प्राणवायू जवळपास संपतो. मग चिखलात आडवा पसरलेला कमळकंद गुदमरत का नाही? कमळकाकडी चिरली की जी भोकं दिसतात, त्यांत याचं उत्तर आहे. उन्हाने तापलेल्या पानाच्या आत हवेचा दाब वाढतो, ती हवा देठातल्या नळ्यांतून खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि दुसऱ्या वाटेने वर येऊन बाहेर पडते. सूर्यावर चालणारा पंपच म्हणायचा. भाजीत कमळकाकडी खाताना आपण त्या पंपाचे पाइप चावत असतो. या वनस्पतींच्या मुळांतून थोडा प्राणवायू आजूबाजूच्या चिखलातही झिरपतो, आणि प्राणवायू असलेला व नसलेला चिखल जिथे शेजारी शेजारी असतो तिथले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचं रूपांतर साध्या नायट्रोजन वायूत करून ते हवेत सोडून देतात. शेतातून वाहून आलेल्या युरियाचा असा निचरा होतो. वीज नको, बिल नाही.

त्याहून अजब व्हॅलिसनेरिया. फितीसारखी लांब पानं असलेलं हे गवत पाण्याखाली वाढतं. मादीफूल एका लांब, बारीक देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं मात्र तळाशी, टाचणीच्या टोकाएवढी. ती झाडापासून तुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, उमलतात आणि वाऱ्यावर होडीसारखी तरंगत निघतात. मादीफुलाच्या भाराने पाण्याचा पृष्ठभाग किंचित खोलगट झालेला असतो. होड्या घसरत तिथे जाऊन धडकतात. काम झालं की मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फळाला ओढून पुन्हा पाण्याखाली नेतो. आपल्या पायाखालच्या तलावात ही लग्नं लागत असतात आणि आपल्याला ते ‘शेवाळं’ वाटतं!

याच वनस्पतींवर मासे अंडी चिकटवतात, त्यांच्या पानांवरच्या बुळबुळीत थरावर पिल्लं चरतात, तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटं करतो (अंडी नर उबवतो; मादी एव्हाना दुसऱ्या नराकडे गेलेली असते). झाडीपट्टीतल्या ढिवरांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही. कुठल्या गवतात कोणता मासा, कोणता मासा पहिल्या पावसात उलट्या धारेने बांध्यांत चढतो, हे त्यांच्या घराघरात माहीत असतं. शिंगाडा लावणं, मासे धरणं यावर या समाजाचं पोट चालत आलं.

हे बिघडलं कुठे?

१९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे जमीनदार, काही संत नव्हते. वेठबिगारीच्या आठवणी या भागात अजून निघतात, त्यामुळे त्यांच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही. पण एक खरं की तोवर तलावाकडे एक आख्खी वस्तू म्हणून पाहणारं कुणीतरी होतं, कारण त्याचं पोट त्यावर होतं. नंतर तलावाची वाटणी झाली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. मासळीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर करणारे वेगळेच. एकाला दिसे पाणी, दुसऱ्याला मासा, तिसऱ्याला जमीन. गाळपेरीची जमीन हळूहळू कायमची शेती झाली, येव्याच्या वाटा अडल्या, पाळीवर झाडं माजली.

मग आले रोहू, कटला आणि मृगल. हे मूळ नदीचे मासे. साठलेल्या पाण्यात ते विणीला येत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने ओडिशात पीयूषिका ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. शोध खरोखरच थोर होता. तो दिवस, १० जुलै, आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. या शोधामुळे बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, विकत आणून कुठल्याही तलावात सोडणं शक्य झालं. परंतु मग तलावाकडे बघण्याची नजरच पालटली. बाजारात भाव कटल्याला, म्हणून मरळ, मागूर आणि झिंगे हे झाले ‘इतर’. जाळं ओढताना पाणगवत आडवं येतं, म्हणून ते झालं तण. ते खायला गवत्या मासा होताच. १९५९ साली परदेशातून आणलेला हा मासा पाणवनस्पतींचा फडशा पाडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. गवत गेलं तशी देशी माशांची अंडी घालायची जागा गेली, मग दर वर्षी बोटुकली विकत आणणं भागच पडलं. स्वतःच्या घरचं बियाणं मोडून दर वर्षी दुकानात जाणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

रिकाम्या झालेल्या काठावर बेशरम आली. नाव किती चपखल! उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही झुडपी वनस्पती जांभळट-गुलाबी फुलांमुळे आणि कुंपणासाठी इकडे पसरली. तोडून फेकलेला तुकडा जिथे पडेल तिथे मुळं धरतो. पाण्यात उभी राहते, कोरड्यातही जगते. तिच्या पानांत स्वेन्सोनिन नावाचं विष असतं. खाणाऱ्या शेळ्यांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, त्यामुळे गुरंढोरं तिला आवरू शकत नाहीत. तिच्या दाट जाळीत गाळ अडतो, सावलीखाली दुसरं काही उगवत नाही आणि तलावाचा सर्वांत मोलाचा भाग, तो उथळ काठ, तिच्या घशात जातो.

गोंदियाच्या निमगावातल्या नव तलावाची अवस्था अशीच होती. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’चे मनीष राजनकर आणि तिथले ढिवर यांनी मिळून त्यावर जो उपाय केला तो मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा विनोदी वाटला होता. त्यांनी तलाव नांगरला.

झालं ते असं. राजनकरांनी आधी बरीच वर्षं ढिवरांकडून शिकण्यात घातली : तलावात कोणत्या वनस्पती होत्या, त्यांची नावं काय, कुणाच्या आधाराने कोणता मासा वाढतो, कोणता पक्षी काय खातो. यादी हाती आल्यावर कळलं की दुखणं पाण्याचं नाहीच, तळाचं आहे. म्हणून उन्हाळ्यात, तलाव आटलेला असताना, बेशरम मुळासकट खणून काढली. गुरांच्या खुरांनी दगडासारखा झालेला तळ पावसाच्या तोंडावर ठिकठिकाणी नांगरून भुसभुशीत केला. मग ज्या तलावांत देशी पाणगवत अजून टिकून होतं तिथून ते आणून, ज्या खोलीला जे शोभेल ते, रोवणीसारखं लावलं. पाऊस आला. लावलेल्या गवतासाठी काही दिवस राखण करावी लागते, एवढंच. या कामात ढिवर बायका पुढे होत्या. चिखलात वाकून रोप खोचणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. रोवणीला त्या आयुष्यभर हेच करत आल्या आहेत. गवत परतलं तसे देशी मासे आणि पक्षीही परतू लागले, आणि हे पाहून शेजारच्या गावांतल्या संस्थांनीही हे काम हाती घेतलं.

यात मला सर्वांत आवडतं ते हे की इथे कुणी तलाव ‘सुशोभित’ केला नाही. आपल्याकडे तलावाची दुरुस्ती म्हटलं की डोळ्यांपुढे येतो दगडी कठडा, पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि नामफलक. पाण्याला चारी बाजूंनी उभी भिंत घातली की काठ उरत नाही. मग तलावात आणि न्हाणीघरातल्या हौदात फरक काय राहिला? गाळ काढण्याच्या मोहिमांबद्दलही थोडं बोलायला हवं. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ साचलेल्या तलावांतून तो काढणं गरजेचंही आहे. शेताला तो सोन्यासारखा. प्रश्न आहे तो पोकलेन सगळ्या तळावरून सरसकट फिरवण्याचा. डार्विनचा कप आठवा. तीन चमच्यांत ५३७ रोपं असतील, तर एका डंपरमधून काय काय निघून जात असेल? पाळीजवळचा खोल भाग खुशाल खणा, पण उथळ काठाचा एक पट्टा तरी हात न लावता सोडा, इतकी साधी मागणी आहे.

काठ का हवा, हे सारसाला विचारावं. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी, माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहील असा. महाराष्ट्रात आता तो जवळजवळ गोंदिया आणि आसपासच्या परिसरातच उरला आहे, तोही दोन आकडी संख्येत. रात्री तो तलावाच्या उथळ पाण्यात उभा राहून विसावा घेतो, काठाच्या चिखलातून कंद उकरून खातो आणि भर पावसात धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून त्यावर अंडी घालतो. बांधीतला थोडा धान त्यासाठी मोडतो. गोंदियातली ‘सेवा’ ही संस्था अशा शेतकऱ्यांशी बोलून घरटी राखण्याचं काम बरीच वर्षं करत आहे. म्हणजे सारसाला तलाव हवा आणि बांधी हवी आणि दोन्हींच्या मालकाचं मनही हवं.

आणि कायदा? १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या ऐसपैस आहे : नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, दोन्ही चालतात. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेलं, गोदावरीवरच्या इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामुळेच तयार झालं. आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र खास सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना व्याख्येतूनच वगळलं. म्हणजे तीनशे वर्षं कमळ, कमळपक्षी आणि मरळ सांभाळणारा मामा तलाव कागदावर पाणथळ ठरत नाही, कारण तो कोहळ्यांनी धानासाठी बांधला होता! हे वाचून हसावं की कपाळ बडवावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जगभराचा हिशेब २०२३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. १७०० सालापासून माणसाने सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर पाणथळ जमीन नाहीशी केली, असा अभ्यासकांचा अंदाज. भारताच्या क्षेत्रफळाहून थोडी जास्तच. बहुतेक ठिकाणी चर खणून पाणी काढून दिलं आणि शेती केली. युरोपात, अमेरिकेत हेच. त्याच सुमारास आपल्या झाडीपट्टीत मात्र माणसं उलट काम करत होती : शेती करायची म्हणून पाणथळ जागा निर्माण करत होती. जगाच्या त्या हिशेबाच्या वहीत हे काही हजार तलाव ठिपक्याएवढे, पण जमेच्या बाजूचे.

ज्यांना डार्विनचा प्रयोग करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी : फार काही लागत नाही. जवळच्या तळ्याच्या किंवा तलावाच्या काठाशी, पाण्याखालून, तीन जागांचा तीन चमचे चिखल घ्यायचा. चहाच्या जुन्या मोठ्या कपात भरायचा, वर काचेची बशी झाकायची, खिडकीत ठेवायचा, सुकू द्यायचा नाही. वहीत तारीख घालायची. रोप दोन पानांचं झालं की मोजून उपटायचं, म्हणजे पुढच्याला जागा होते. घरात लहान मूल असेल तर मोजणी त्याच्याकडे द्यावी. बेशरम उगवली तर तिला कचऱ्यात टाकताना तुकडे होऊ देऊ नयेत. आणि सहा महिन्यांनी उरलेला चिखल जिथून आणला तिथेच नेऊन टाकायचा.